डावा हात

गोदी उडाली त्याच्या दुसऱ्या वर्षी
सोनापूर गल्लीत तीन जिने चढवून
आमच्या आप्पांनी तो पियानो वर नेला.
सहा गडी, सुंभाचे दोन दोर.
दुसऱ्या वळणावर भिंतीचा पोपडा निघाला
तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

मजुरी मोजून झाल्यावर
लिबोरियो मस्करेन्हस म्हणाला, बसा,
वाजतो का बघूया.
आणि डावा हात सुरू झाला.

आप्पा सांगायचे,
वाटलं, खाली फरसबंदीवरून हातगाडी चाललीय,
भरलेली, एक चाक जरासं वाकडं,
म्हणून दर खेपेला तिथंच ठेचकाळणारी.
उजवा हात त्या गाडीवर बसलेला उनाड पोरगा.
कुणाला शिव्या देतोय, कुणाला डोळा मारतोय,
मध्येच गप्प.
सहाच्या सहा गडी जमिनीवर बसून
गुडघे हलवत होते.

शिकला कुठं?
सोल्फा कुडतरीच्या मेस्तानं, वेताच्या छडीनं.
बाकीचं सगळं बॅलार्ड पियरवर
एका काळ्या अमेरिकन खलाशानं, तीन रात्रींत.
रोस्को असेल, रॉस असेल,
नाव त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं.
चौथ्या सकाळी बोट सुटली.

मग अपोलो बंदरामागच्या हॉटेलात पाच वर्षं.
पांढरा कोट हॉटेलचा, बूट स्वतःचे.
नाचणारे पुढच्या दारानं यायचे,
हा भटारखान्यातून.
दारूबंदी आली, नाच थांबले,
मालकानं नाचाच्या लाकडी जमिनीवर टेबलं मांडून
फालुदा विकायला घेतला.
मग स्टुडिओ. एका सिटिंगचे वीस रुपये,
पाटीवर नाव नाही.
नायिका जिना उतरते
तेव्हा तिच्या पावलांखाली जे चालतं ना,
ते तो होता.

मी तेव्हा भजनी बुवांकडे पेटी शिकायचो.
बुवांचं म्हणणं, गंधार एक तर कोमल,
नाहीतर शुद्ध. तिसरा मार्ग पाखंडाचा.
लिबोअंकलनं दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या.
खोलीत काहीतरी आंबट-गोड पसरलं,
पिकायला टाकलेल्या बिमल्यांसारखं.
"हांव खंय रावूं? मध्ये जागाच ना," तो म्हणाला,
"म्हणून दोघांच्या दारात उभा राहतो."

बुवांना मी हे कधी सांगितलं नाही.
त्यांनी एकदा एकादशीच्या भजनात ओळखलं,
डोळे मिटूनच म्हणाले,
कुणाच्या घरी जाऊन आलास रे?

आता काळाचौकीच्या बेंजो पार्टीत
मी कीबोर्ड वाजवतो. वाजवायचो.
गुडघे गेले, आता मुलं वाजवतात.
हळदीच्या मांडवात रात्री दोनला,
नवरीचा मामा घामाघूम झालेला असतो,
आणि रोहिदास नावाचा पोरगा
डाव्या हातानं ते वाकडं चाक फिरवतो.
त्याला वाटतं ते माझं आहे.
एकदा सांगायला गेलो. म्हणाला, काका,
थोडं नंतर, पुढची सुपारी भांडुपला आहे.

लिबोअंकल गेला
तेव्हा पियानो उतरवायला पुन्हा आप्पाच.
वय झालेलं, खांदा एकच चालायचा,
तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात.
नळबाजारचा भंगारवाला आठशे म्हणत होता.
पुढचं झाकण काढलं
तर आत चाळीसचा बल्ब जळत होता.
दमट हवेनं तारा गंजू नयेत म्हणून
तो बारमाही लावून ठेवायचा.
माणूस जाऊन अकरा दिवस झाले होते.
हातोड्या सगळ्या कोरड्या, कोमट.

घरमालक म्हणाला, ह्याचं बिल कोण भरणार?
आप्पांनी बंडीतून नोट काढली, मोजली नाही.
दोर आवळताना एवढंच म्हणाले,
वळणावर सांभाळा, तिथं भिंतीला लागलंय.

बल्ब मी घरी आणला.
मोरीत लावला.
आठवडाभर चालला.